क्रूड तेल आधी वाफ करून जाळावे की नुसते फवारावे? (एका लहान बर्नरची रचना)

भोसरीचा कारागीर

नमस्कार मंडळी. माझे भोसरीत लहानसे वर्कशॉप असून गेली बावीस वर्षे आम्ही भट्ट्यांचे बर्नर, ब्लोअर आणि त्यांचे सुटे भाग तयार करीत आहोत. आजवर फर्नेस ऑइल (भट्टीत जाळायचे दाट, जड तेल), डिझेल आणि अलीकडे पाइपचा गॅस एवढ्यावरच आमचे काम चालत आले. आता उत्तर गुजरातमधील तेलविहिरींवर काम करणाऱ्या एका ग्राहकाने निराळीच मागणी केली आहे. विहिरीतून निघालेले क्रूड, कोणतेही शुद्धीकरण न करता, जागेवरच जाळून पाण्याची टाकी तापवणारा बर्नर त्यांना हवा आहे. तेलाचा खप ताशी सुमारे १० लिटर असावा, धूर नसावा आणि तो सांभाळायला प्रशिक्षित माणूस लागू नये, अशा त्यांच्या अटी आहेत.

माझी कल्पना सोपी होती. आपल्या आजीच्या पितळी स्टोव्हमध्ये रॉकेल द्रवरूपात जळत नाही. ते तापलेल्या नळीतून वर जाताना त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून सुटलेली ती वाफ हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ मध्ये प्रायमस स्टोव्ह काढला तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही. मग क्रूडसाठी तसाच, पण मोठा आणि दणकट स्टोव्ह का करू नये?

पुण्यात क्रूड कोणी देत नाही आणि मी मागितलेही नाही. म्हणून निम्मे फर्नेस ऑइल आणि निम्मे डिझेल असे मिश्रण करून चाचणी घेतली. अर्ध्या इंची स्टेनलेस स्टीलच्या नळीचे चार मीटर लांबीचे वेटोळे ज्योतीतच बसवले. पहिली दहा-बारा मिनिटे ज्योत इतकी सुंदर निळी होती की मी मुलाला बोलावून दाखवली. त्यानंतर ती पिवळी पडू लागली, मग धडधडू लागली आणि चाळीसाव्या मिनिटाला तेल येणेच थांबले. थंड झाल्यावर नळी ग्राइंडरने कापली, तर आत दगडासारखा काळा थर होता आणि मधोमध पेन्सिलीच्या शिशाएवढी वाट उरली होती.

माझे प्रश्न दोन आहेत. नळी अधिक रुंद केल्याने किंवा तापमान कमी-जास्त केल्याने हे टळेल का? आणि टळणार नसेल, तर दुसरा मार्ग कोणता?

कोथरूडचा जिज्ञासू

स्टोव्हलाही रोज पिन मारावी लागत असे, हे आपण विसरलात वाटते. रॉकेलसारख्या स्वच्छ इंधनाची ती गत, तर क्रूडची काय होणार!

पाषाणची रसायनवाली

कारागीर साहेब, तुमची नळी वाईट नव्हती. तुम्ही तिला अशक्य काम दिले होते. मी तेलशुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पाणी १०० अंशांना उकळते, कारण ते एकच द्रव्य आहे. क्रूड हे हजारो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्यामुळे त्याला उत्कलनबिंदू नसतो. असतो तो एक लांबलचक पल्ला. त्यातील सर्वांत हलके घटक पुण्याच्या उन्हाळ्यातच उडून जाऊ लागतात, पेट्रोलचा भाग साधारण २०० अंशांपर्यंत निघतो, रॉकेलचा १५० ते ३०० च्या दरम्यान आणि डिझेलचा सुमारे ३५०-३७० पर्यंत. यापुढे जे उरते त्याची खरी अडचण आहे. बऱ्याच क्रूडमध्ये हा उरलेला भाग निम्म्याच्या आसपास असतो आणि जड क्रूडमध्ये त्याहून जास्त. शुद्धीकरण कारखान्यातही साध्या दाबाखाली तेल याहून जास्त तापवीत नाहीत, कारण त्यापुढे रेणू उकळण्याऐवजी तुटू लागतात. तुटलेल्या रेणूंचा हलका तुकडा वायू होऊन निघून जातो आणि कार्बनने समृद्ध असा जड तुकडा मागे राहून कोक बनतो. म्हणूनच उरलेले तेल तेथे निर्वात मनोऱ्यात नेतात. दाब कमी केला की तेच घटक कमी तापमानाला उकळतात.

तुमच्या वेटोळ्यात नेमके हेच घडले. डिझेलची वाफ झाली, ती पुढे गेली आणि तुम्हाला निळी ज्योत दिसली. फर्नेस ऑइल मात्र नळीच्या तापलेल्या अंगाला चिकटून शिजत राहिले. थर जमला की उष्णता आत जाईना, म्हणून बाहेरचा धातू अधिक तापला आणि त्यामुळे थर आणखी वेगाने वाढला. नळी रुंद केली तर चाळीस मिनिटांऐवजी कदाचित दोन तास मिळतील, पण शेवट तोच. तापमान कमी ठेवले, तर जड भाग वाफ न होता द्रवरूपातच छिद्रातून ठिबकेल.

रॉकेल चालते, कारण ते या मोठ्या कुटुंबातील एका लहान, समवयस्क गटाचे आहे. सगळेच घटक थोड्याफार फरकाने एकत्र उडतात आणि मागे फारसे कोणी राहत नाही. शिवाय क्रूडमध्ये विहिरीचे खारे पाणी, बारीक वाळू आणि व्हॅनेडियमसारखे धातू असतात. मीठ आणि वाळू यांची वाफ कोणत्याही तापमानाला तुमच्या सोयीने होणार नाही.

भोसरीचा कारागीर

ताई, आभारी आहे. दोन रात्री झोप लागली नव्हती, ती आता लागेल. मात्र एक शंका उरते. तेलाची वाफ झाल्याशिवाय ते जळत नाही, असे आम्ही आयटीआयमध्ये शिकलो होतो. मग जो भाग नळीत वाफ होत नाही, तो ज्योतीत गेल्यावर कसा होईल? आणि वाफ करण्यासाठी लागणारी उष्णता ज्योतीकडूनच घेतली, तर ज्योत थंड होणार नाही का?

जुना बॉयलरवाला

चिंचवडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे बॉयलर सांभाळले, तेव्हा या प्रश्नात तोंड घालण्याचा थोडा अधिकार मला आहे.

उष्णतेची चिंता प्रथम मिटवतो. एक किलो तेल ३० अंशांपासून ३५० अंशांपर्यंत तापवून त्याची वाफ करायला ढोबळ हिशेबाने एक मेगाज्यूल ऊर्जा लागते. तेच किलोभर तेल जळल्यावर ४२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा देते. म्हणजे चाळिसात एक रुपया खर्च आणि बाकी सगळी मिळकत. ज्योतीला हा खर्च जाणवतही नाही. अडचण उष्णतेच्या प्रमाणाची नसून ती तेलापर्यंत किती वेगाने पोहोचते याची आहे, आणि तो वेग तेलाच्या उघड्या पृष्ठभागावर ठरतो.

आता हा हिशेब पाहा. एक लिटर तेलाचे ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या व्यासाचे थेंब केले, तर सुमारे दीड हजार कोटी थेंब होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग १२० चौरस मीटर भरतो. जवळजवळ तेराशे चौरस फूट! पुण्यातल्या बऱ्याच दोन बेडरूमच्या घरांपेक्षा मोठा. तुमच्या वेटोळ्याच्या आतला पृष्ठभाग मोजला, तर तो एका पाटाएवढाही भरणार नाही. शिवाय थेंब हवेत तरंगत असतो, त्यामुळे जड भाग चिकटायला तेथे धातूच नसतो. वाफ व्हायचीच आहे, पण ती ज्योतीत, हवेत, एकेका थेंबाच्या अंगावर झाली पाहिजे. मागे राहिलेला कार्बनही तेथेच जळतो, कारण भोवती प्राणवायू असतो; नळीत तो नसतो.

थेंबाच्या आकाराला फार महत्त्व आहे. थेंब जळायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० मायक्रॉनचा थेंब अडीच-तीन मिलिसेकंदांत संपत असेल, तर २०० मायक्रॉनच्या थेंबाला त्याच्या सोळापट वेळ लागेल. जड तेलाच्या थेंबाची आणखी एक खोड आहे: हलका भाग जळून गेल्यावर कोकची पोकळ, सच्छिद्र गोळी मागे उरते आणि ती जळायला मूळ थेंबापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते. तोवर ती भट्टीच्या थंड भागात पोहोचली, की धुराड्यातून बाहेर पडून शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. आमच्या कॉलनीत यावरून झालेली भांडणे मला अजून आठवतात.

हा शोध नवा नाही. बाकूच्या तेलक्षेत्रात रॉकेल काढून उरणारा माझुत हा गाळ एकेकाळी टाकाऊ समजला जात असे. १८८० च्या सुमारास रशियन अभियंता शुखोव याने वाफेच्या झोताने तो फवारून जाळणारे नोझल तयार केले, आणि त्याच दशकात थॉमस अर्कहार्ट याने रशियातील ग्राझी-त्सारित्सिन रेल्वेवरील इंजिने अशाच इंधनावर चालवली. त्यांनी तेलाची वाफ करण्याचा हट्ट सोडला, पाण्याची वाफ केली आणि तिच्याकडून तेलाचे तुकडे करून घेतले.

कोथरूडचा जिज्ञासू

मग नोझल तरी कोणते? ताशी १० लिटर म्हणजे फारच थोडे तेल झाले.

जुना बॉयलरवाला

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. केवळ तेलाच्या दाबाने फवारणारे नोझल घेतले, तर एवढ्या थोड्या तेलासाठी छिद्र केसासारखे बारीक ठेवावे लागेल आणि क्रूडमधील वाळूचा एक कण आला की संपले. म्हणून तेलाचे छिद्र मोठे, दीड-दोन मिलिमीटरचे ठेवून तुकडे करण्याचे काम हवेवर सोपवावे. आपल्याकडील भट्ट्यांवर ब्लोअरच्या कमी दाबाच्या हवेचे, म्हणजे ७०० मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाच्या आसपासचे, बर्नर सर्रास दिसतात. पण त्यांना तेल पातळ लागते. जड क्रूडसाठी कॉम्प्रेसरची दोन-तीन बारची हवा बरी पडेल. ती एकूण हवेचा लहानसा हिस्सा असते आणि बाकीची ब्लोअरने द्यायची.

तेलाचा दाटपणा फवारण्याच्या क्षणी १५ ते २५ सेंटिस्टोक (हे दाटपणाचे एकक) असावा. आपल्याकडे नेहमी मिळणारे फर्नेस ऑइल ५० अंशांना १८० सेंटिस्टोकपर्यंत असते, म्हणून ते १०० ते १२० अंशांपर्यंत तापवावे लागते. तुमच्या क्रूडचा आकडा ग्राहकाकडून लेखी घ्या; अंदाजाने हीटर बसवू नका.

वारज्याचा प्रयोगवीर

मी बॅबिंग्टन बर्नर सुचवेन. अमेरिकेतील रॉबर्ट बॅबिंग्टन यांच्या रचनेत एका पोकळ गोळ्यावरून तेल पातळ पापुद्र्यासारखे ओघळते आणि गोळ्याच्या आतून एका बारीक छिद्रातून सुटणारी हवा त्या पापुद्र्याचे धुके करते. छिद्रातून तेल जातच नाही, फक्त हवा जाते. त्यामुळे घाण तेलानेही ते तुंबत नाही. इंजिनाच्या जुन्या तेलावर हे अनेकांनी घरच्या घरी करून पाहिले आहे. मी स्वतः पितळी दरवाजाच्या मुठीपासून एक केला होता आणि तो चालला.

पाषाणची रसायनवाली

रचना खरोखरच चतुर आहे, यात वाद नाही. परंतु तिच्यात गोळ्यावरून ओघळलेले बहुतांश तेल खालच्या भांड्यात जमते आणि पंपाने पुन्हा वर जाते. जुन्या इंजिन तेलात हलके घटक फारसे नसल्यामुळे हे खपून जाते. क्रूडमध्ये मात्र पेट्रोलचा भाग असतो. ते ज्योतीशेजारी उघड्या भांड्यात पुनःपुन्हा फिरवणे म्हणजे भांड्यावर पेट्रोलची वाफ साठवणे होय. क्रूडचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो आकडा, बहुधा भोवतालच्या तापमानापेक्षाही खाली असतो, म्हणजे ठिणगीला निमंत्रण आधीच दिलेले असते. जड क्रूडमध्ये हा धोका कमी असला, तरी ग्राहक उद्या दुसऱ्या विहिरीचे तेल टाकणार नाही याची हमी कोण देईल?

याच कारणासाठी टाकीत हीटर बसवू नका. तेल थंडच पंपाकडे जाऊ द्या, दाब चढू द्या आणि मगच बंद नळीत तापवा. दाबाखाली हलके घटक द्रवरूपात राहतात आणि पंपात वाफ अडकण्याचा प्रश्नही येत नाही. मेणयुक्त क्रूड थंडीत गोठत असेल, तर टाकीला गरम पाण्याची नळी गुंडाळावी. तेथे विजेची उघडी तार नको.

आणि प्रयोगवीर, जुने इंजिन तेल घरी जाळणे हा नुसता हौसेचा विषय नाही. त्यात धातूंचे अंश असतात आणि ते घातक कचऱ्याच्या नियमांत येते. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच ते द्यावे लागते.

वारज्याचा प्रयोगवीर

मान्य. मूठ पुन्हा दरवाजाला बसवली आहे.

मावळातील वाचक

एक अर्धवट कल्पना मांडतो. क्रूड आधी हलके तापवून त्याचा उडणारा भाग वेगळा काढावा, त्याची स्टोव्हसारखी निळी ज्योत करावी आणि त्या ज्योतीवर जड भाग फवारावा. म्हणजे कारागीर साहेबांची मूळ कल्पनाही वाया जाणार नाही.

पाषाणची रसायनवाली

तर्क चुकीचा नाही, पण याला लहान तेलशुद्धीकरण कारखाना म्हणतात. प्रत्येक विहिरीच्या तेलानुसार तापमान बदलावे लागेल, आणि प्रशिक्षित माणूस नको ही ग्राहकाची अट आहे.

जुना बॉयलरवाला

सुरक्षिततेबद्दल मी तीनच गोष्टी सांगेन, पण त्यांत सूट नाही. ज्योत विझताच तेल बंद करणारा डोळा (ज्योतीवर नजर ठेवणारा सेन्सर) आणि वीज गेल्यावर आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह. पेटवण्यापूर्वी दहनकक्षाच्या आकारमानाच्या किमान चारपट हवा नुसती फिरवणे; न जळलेली वाफ आत साचलेली असताना ठिणगी दिली, तर दार उडते. मी उडालेले दार पाहिले आहे, त्याचे वर्णन करीत नाही. तिसरी गोष्ट, विहिरीवर मोटर आणि वायरिंग फ्लेमप्रूफच, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारे, हवे. शिवाय क्रूडमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असल्यास केवळ नाकावर विसंबू नये, कारण त्याचे प्रमाण वाढले की वास येणेच बंद होते.

क्रूडची साठवण १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम यांखाली येते. ती जबाबदारी ग्राहकाची असली, तरी कागद पाहूनच यंत्र पाठवा.

भोसरीचा कारागीर

सव्वातीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण हाताशी काही आल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

वेटोळे मोडीत काढले. बॉयलरवाले काकांच्या सूचनेप्रमाणे तेलाचे छिद्र दोन मिलिमीटरचे ठेवून भोवती कॉम्प्रेसरच्या हवेची तिरकी छिद्रे दिली. या वेळी डिझेल न मिसळता निव्वळ फर्नेस ऑइल वापरले, कारण सोप्या पेपरात पास होण्यात अर्थ नव्हता. पंप चार बारवर, त्यापुढे बंद नळीत हीटर आणि नोझलशी १०५ अंश. ज्योतीभोवती उच्च ॲल्युमिनाच्या अग्निविटांचा पसरत जाणारा गळा केला आहे. विटा थंड असताना पहिली दहा मिनिटे धूर येतो. त्या लाल झाल्या की धुराडे स्वच्छ होते. लाल विटांची उष्णता थेंबांवर पडून त्यांची वाफ लवकर होते, म्हणजे माझ्या वेटोळ्याचे काम आता विटा करतात, आणि त्यांना तेल शिवतही नाही.

सलग सहा तास चालवला. धुराड्यात प्राणवायू चार टक्क्यांच्या आसपास मिळाला. त्याहून हवा कमी केली की काजळी दिसू लागते.

दोन अडचणी आहेत. पहिली, ब्लोअर हिशेबापेक्षा कमी पडला आणि झडप पूर्ण उघडावी लागली. दुसरी जास्त त्रासाची आहे: बर्नर बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी नोझल तुंबलेले असते.

जुना बॉयलरवाला

ब्लोअरचे कारण पुणेच आहे. एक किलो तेलाला सुमारे १४ किलो हवा लागते आणि वीस टक्के जादा धरली तर जवळजवळ १७ किलो. कॅटलॉगमधील घनमीटर बहुधा समुद्रसपाटीच्या आणि २० अंशांच्या हवेचे असतात. आपण ५६० मीटर उंचीवर आहोत. दुपारच्या ३० अंशांना येथील हवा घनमीटरमागे १.०९ किलोच्या आसपास भरते, १.२ नव्हे. तुमच्या नऊ किलो तेलाला ताशी सुमारे १४० घनमीटर हवा येथे लागेल. सखल गुजरातेत तोच ब्लोअर थोडी जास्त हवा देईल. पण तेथील मे महिन्याच्या उन्हात हवा पुन्हा विरळ होते, हे धरून आकार ठरवा आणि झडप किती उघडायची ते तेथेच जुळवून घ्या.

नोझलचे दुखणे जुनेच आहे. तेल बंद झाले, तरी लाल विटा तासभर नोझलकडे उष्णता फेकत राहतात आणि टोकात राहिलेले चमचाभर तेल शिजून कोक होते. तुमच्या वेटोळ्यात जे झाले तेच येथे लहान प्रमाणात होत आहे. आम्ही बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे डिझेलवर येत असू, मग तेल तोडून फवारणीची हवा तशीच चालू ठेवत असू आणि शेवटी नोझल मागे ओढून घेत असू.

भोसरीचा कारागीर

तिन्ही केले. डिझेलची पाच लिटरची वेगळी टाकी आणि त्रिमार्गी व्हॉल्व्ह बसवला. सुरुवातही आता डिझेलवरच होते, त्यामुळे थंड विटांचा धूरही बराच कमी झाला. तेल तुटल्यावर हवा दहा मिनिटे आपोआप चालू राहते. नोझल सरकत्या नळीवर बसवले असून खिट्टी काढली की ते वीस सेंटिमीटर मागे येते. काल रात्री बंद केलेला बर्नर आज सकाळी न उघडता पेटला.

क्रूडवरची पहिली चाचणी ग्राहकाच्या जागेवर, त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यासमोर होईल. त्यांनी कळवलेला दाटपणा फर्नेस ऑइलपेक्षा जास्त आहे, म्हणून हीटर एक आकार मोठा घेतला आहे आणि पंपाआधी दोन स्ट्रेनर (गाळण्या) आलटून पालटून वापरता येतील असे बसवले आहेत. सोबत पिनांचे एक पाकीटही देत आहे. कोथरूडकरांनी हसू नये.

कोथरूडचा जिज्ञासू

हसत नाही. पिन दोन मिलिमीटरच्या छिद्राला पुरणार नाही, एवढेच म्हणतो. सायकलची तार द्या.